इन्सुलिनची धार नसते, ठोके असतात : बीटा पेशींच्या लयीविषयी

मांजराकाठ (लातूर)

"रक्तातील साखर वाढली की स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन सोडतात" या एका वाक्यावर नीटच्या प्रश्नपत्रिकेपुरते मुलांचे भागून जाते. यंदाच्या तुकडीतील एका मुलीने मात्र विचारले, की रात्रीच्या जेवणाला दहा तास उलटले आहेत, साखर नव्वदच्या आसपास स्थिर आहे, अशा वेळी इन्सुलिन बंद असते की बारीक धारेने चालू असते? उत्तर या दोन्हींपैकी एकही नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

उपाशीपोटीही इन्सुलिन सुटतच असते, पण ते ठोक्याठोक्याने सुटते. १९७७ साली चार्ल्स गुडनर आणि सहकाऱ्यांनी उपाशी ऱ्हीसस माकडांच्या रक्तात इन्सुलिन, त्याच्या उलट साखर वाढवणारे ग्लुकागॉन आणि ग्लुकोज या तिन्हींची पातळी साधारण नऊ-दहा मिनिटांच्या अंतराने वरखाली होत असल्याचे दाखवले. १९७९ साली ऑक्सफर्डच्या गटाने निरोगी माणसांचे रक्त दर मिनिटाला घेऊन तशीच लय माणसातही नोंदवली. तेव्हा तिचा काळ चौदा मिनिटांच्या आसपास निघाला होता. पुढे मोजणीच्या पद्धती सूक्ष्म झाल्या, स्वादुपिंडातून यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेतून थेट नमुने घेता येऊ लागले, आणि लहान ठोकेही वेगळे दिसू लागल्यावर खरा काळ साधारण पाच मिनिटांचा असल्याचे स्पष्ट झाले. स्रवणाऱ्या एकूण इन्सुलिनपैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग या ठोक्यांतूनच येतो, असा अंदाज आहे.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट पुढेच आहे. जेवण झाले, साखर चढली, की हे ठोके घाईने पडू लागत नाहीत. त्यांचे अंतर जवळजवळ तेच राहते आणि प्रत्येक ठोक्यातून सुटणारे इन्सुलिन वाढते. म्हणजे भाकरी पोटात गेल्यावर बीटा पेशी आपली लय सोडत नाहीत, फक्त प्रत्येक ठोका मोठा करतात.

हे ठोके दिसतात तरी का, याचे उत्तर इन्सुलिनच्या अल्पायुष्यात आहे. रक्तात आलेले इन्सुलिन चार ते सहा मिनिटांत निम्मे होते. ते तासभर टिकले असते तर एका ठोक्यावर दुसरा चढून सारे सपाट झाले असते.

या लयीचा खरा ग्राहक यकृत आहे. स्वादुपिंडाचे रक्त आधी पोर्टल शिरेने यकृतात जाते, तेथे पहिल्याच फेरीत सुमारे निम्मे इन्सुलिन काढून घेतले जाते, आणि उरलेले साऱ्या शरीराच्या रक्तात मिसळून पातळ होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, यकृतविकारामुळे पोर्टल शिरेशी जोडणारी नळी बसवलेल्या रुग्णांत थेट त्या शिरेतून नमुने घेतले गेले, तेव्हा तेथील ठोके हातापायांच्या रक्तातील ठोक्यांपेक्षा कितीतरी उंच आढळले. दंडातून काढलेल्या रक्तात आपण पाहतो ती या लयीची पुसट सावली असते.

पेशीला हा ठोका कोण देतो, आणि स्वादुपिंडात विखुरलेल्या लाखो बेटांत, म्हणजे बीटा पेशींच्या पुंजक्यांत, तो एकाच वेळी कसा पडतो, या दोन प्रश्नांवर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

रोलिंगमिल (जालना)

सर, लेख आवडला. माझ्या वडिलांच्या दंडावर साखर मोजणारा पॅच आहे आणि मोबाइलवर त्याचा आलेख दिवसभर दिसतो. उपाशीपोटी त्यात पाच मिनिटांची लाट मला तरी कधी दिसली नाही. ती दिसायला नको का?

मांजराकाठ

तो पॅच ग्लुकोज मोजतो, इन्सुलिन नव्हे, आणि उपाशीपोटी ग्लुकोजची लाट अगदीच उथळ असते. शिवाय तो रक्तातील नव्हे तर पेशींभोवतीच्या द्रवातील साखर मोजतो, जी रक्ताच्या काही मिनिटे मागे चालते. त्या वाटेवरच बारीक चढउतार पुसले जातात. बोटाला टोचून मोजायच्या यंत्राकडून तर ही अपेक्षाच नको, कारण त्याला मानकानुसार पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक माफ आहे.

रोलिंगमिल

बरोबर, आणि माझ्या विषयातले कारणही त्यात आहे. पाच मिनिटांची लय पकडायची असेल तर निदान अडीच मिनिटांपेक्षा कमी अंतराने मोजणी व्हावी लागते. अनेक पॅच दर पाच मिनिटांनी एक आकडा देतात. म्हणजे लाट कितीही मोठी असती तरी दर वेळी तिचा तोच टप्पा हाती लागून आलेख सपाटच दिसला असता.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळतो. जीवशास्त्र माझे नव्हे, पण स्वयंचलित नियंत्रण ही माझी रोजीरोटी आहे. आमच्या इमारतीच्या टाकीत फ्लोट आहे. पाणी खालच्या खुणेला गेले की मोटार सुरू होते आणि वरच्या खुणेला आले की बंद होते. पाण्याचा वापर अगदी एकसारखा असला तरी टाकीतील पातळी कायम वरखाली होत राहते, कारण सुरू होण्याची आणि थांबण्याची खूण एकच नसते. बीटा पेशीतही अशी दोन खुणांची व्यवस्था असली पाहिजे, असा माझा तर्क आहे. ती कोठे आहे?

मांजराकाठ

तुमचा तर्क योग्य दिशेने आहे, फक्त पेशीत फ्लोट एक नसून दोन आहेत आणि ते एकमेकांना ओढतात.

आधी नेहमीची साखळी सांगतो. ग्लुकोज पेशीत शिरते, ग्लुकोकायनेज हे विकर त्यावर फॉस्फेट चढवते, पुढे त्याचे विघटन होऊन तंतुकणिकांत एटीपी, म्हणजे पेशीचे इंधन, तयार होते. एटीपी वाढले की पेशीच्या आवरणातील पोटॅशियमचे एक विशिष्ट द्वार मिटते. ग्लुकोजमुळे हे द्वार मिटते हे १९८४ साली ऑक्सफर्डमध्ये फ्रान्सेस ॲशक्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवले. पोटॅशियम बाहेर जाणे थांबले की एरवी उणे सत्तर मिलिव्होल्टच्या आसपास असलेला आवरणाचा विद्युत्भार चढू लागतो, त्यामुळे कॅल्शियमची द्वारे उघडतात, कॅल्शियम आत येते, आणि आवरणाला टेकून तयार असलेल्या इन्सुलिनच्या कणिका बाहेर रिकाम्या होतात. एका बीटा पेशीत अशा सुमारे दहा हजार कणिका साठवलेल्या असतात, आणि एका ठोक्यात त्यांतील अगदी थोड्याच खर्ची पडतात.

पहिला फ्लोट कॅल्शियमचा. आत आलेले कॅल्शियम बाहेर उपसायला पंप लागतात आणि पंपांना एटीपी लागते. उपसा वाढला की एटीपी उतरते, पोटॅशियमचे द्वार पुन्हा उघडते, विद्युत्भार खाली येतो आणि पेशी गप्प होते. कॅल्शियम ओसरले की पुन्हा पहिल्यापासून. उंदराच्या बेटांत सूक्ष्म इलेक्ट्रोड घालून ही विद्युत्स्फुरणे १९६८ सालीच नोंदवली गेली होती, म्हणजे रक्तातील ठोके सापडण्याच्या कितीतरी आधी.

दुसरा फ्लोट साखरेच्या विघटनातच आहे. फॉस्फोफ्रुक्टोकायनेज नावाचे विकर ज्या पदार्थाची निर्मिती करते, तोच पदार्थ त्या विकराला आणखी चालना देतो. त्यामुळे विघटन सावकाश चालू असताना एकदम उसळी घेते, कच्चा माल संपला की मंदावते, माल साठला की पुन्हा उसळते. ही मिनिटांच्या मापाची लय बीटा पेशीचीच मक्तेदारी नाही. १९६४ साली यीस्टच्या अर्कातही ती दिसली होती, जेथे पेशीचे आवरणच शिल्लक नव्हते. रिचर्ड बर्ट्रम, आर्थर शेरमन आणि लेस सॅटिन यांनी या दोन्ही लयी एकत्र गुंफणारी गणिती प्रारूपे मांडली आहेत. त्यांनुसार काही सेकंदांची जलद स्फुरणे कॅल्शियमच्या फेऱ्यातून येतात आणि त्यांचे गट पाडणारी सुमारे पाच मिनिटांची संथ लय चयापचयातून येते.

यातील खरा मालक कोण, यावर त्या क्षेत्रात अजूनही वाद आहे. डायझॉक्साइड हे औषध देऊन पोटॅशियमचे द्वार उघडेच धरले, म्हणजे कॅल्शियमच्या फेऱ्या बंद पाडल्या, तरी उंदराच्या काही बेटांत चयापचयाची लय चालू राहते. माझा कल म्हणूनच चयापचयाकडे आहे, पण कॅल्शियम त्या लयीला सतत ढकलत असते हेही नाकारता येत नाही.

पशुवैद्य_निवृत्त (परभणी)

मास्तरांनी विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नात आणखी एक प्रश्न दडलेला आहे, तो असा, की ही लय मेंदूकडून येते की यकृताकडून? त्याचे उत्तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाने दिले. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ते शरीरातून काढून, स्थिर साखरेचा द्रव त्यातून वाहता ठेवून, बाहेर येणारे इन्सुलिन मोजण्यात आले. मेंदूशी संबंध तुटलेला, यकृत नाही, साखर हलत नाही, तरीही इन्सुलिन ठोक्यांनीच बाहेर येत होते. म्हणजे लय स्वादुपिंडाच्या पोटातच आहे.

लयीने सोडलेले संप्रेरक आणि धारेने सोडलेले संप्रेरक यांचा परिणाम किती वेगळा असू शकतो, याचे आमच्या शास्त्रातील ठळक उदाहरणही येथे सांगण्यासारखे आहे. मेंदूतून सुटणारे जीएनआरएच हे संप्रेरक साधारण तासाला एक ठोका या गतीने दिले, तर पुढची प्रजननाची संप्रेरके व्यवस्थित तयार होतात. तेच सलग धारेने दिले, तर ती दबतात. अर्न्स्ट नॉबिल यांच्या गटाने १९७८ साली ऱ्हीसस माकडांवर हे सिद्ध केले. गाई-म्हशींच्या माजाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रयोग माहीत असतो. इन्सुलिनच्या बाबतीत सलग धारेने काम पूर्ण थांबत नाही, फक्त कमी पडते, एवढा फरक दोन्हींत आहे. डॉक्टरमंडळींनी त्यावर लिहावे.

डॉ_गोदातीर (नांदेड)

पशुवैद्यकाकांनी मुद्दा नेमक्या जागी आणून ठेवला. २०१२ साली उंदरांच्या पोर्टल शिरेत इन्सुलिन तीन प्रकारे सोडून पाहिले गेले : निरोगी ठोक्यांनी, सलग धारेने, आणि मधुमेहात असतात तशा खुज्या ठोक्यांनी. थोड्या थोड्या वेळाने यकृताचे सूक्ष्म तुकडे काढून पेशींतील संदेश तपासले, तेव्हा निरोगी ठोक्यांच्या तुलनेत सलग धारेने यकृतपेशींमधील इन्सुलिनचे पुढचे संदेश उशिरा आणि अपुरे जागे होत असल्याचे आढळले. दोन ठोक्यांमधल्या शांततेत ग्राहक रेणूंना सावरायला वेळ मिळतो, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

आता मधुमेहाकडे. टाइप २ मधुमेहात ही लय तुटक, लहान आणि अनियमित होते, हे ऑक्सफर्डच्या त्याच गटाने १९८१ साली नोंदवले. त्याहून महत्त्वाचे काम १९८८ सालचे आहे. स्टीफन ओराहिली, रॉबर्ट टर्नर आणि डेव्हिड मॅथ्यूज यांनी मधुमेही व्यक्तींच्या जवळच्या नातेवाइकांची, ज्यांची साखर अद्याप फारशी बिघडलेली नव्हती अशांची, तपासणी केली आणि त्यांच्यातही नियमित लय हरवलेली आढळली. याचा अर्थ लय बिघडणे हा साखर बिघडल्याचा केवळ परिणाम नसून, निदान काही जणांत ती आधीची पायरी असावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यांची मुले आणि भावंडे मोजली, तर त्या १९८८ च्या अभ्यासातील "जवळचे नातेवाईक" आमच्या बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर रोज सोबतीला आलेले दिसतात.

औषधांचाही येथे संबंध आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या मांजराकाठ सरांनी सांगितलेल्या पोटॅशियमच्या द्वाराशी जोडलेल्या प्रथिनाला चिकटून ते द्वार मिटवतात. या गटाचा शोधच अपघाताने लागला. १९४२ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे विषमज्वराच्या रुग्णांना गंधकयुक्त औषध देताना काहींची साखर घसरली, आणि ऑग्युस्त लुबातिएर यांनी त्याचा माग काढला. या गोळ्यांनी ठोक्यांचे अंतर फारसे बदलत नाही, प्रत्येक ठोका मोठा होतो. द्वार मिटवायला त्यांना ग्लुकोजची वाट पाहावी लागत नाही. म्हणूनच गोळी घेऊन जेवण चुकवणाऱ्या रुग्णाची साखर धोकादायकरीत्या उतरते. ऊसतोडीच्या हंगामात पहाटे फडात गेलेल्या आणि दुपारपर्यंत न जेवलेल्या रुग्णांना हे मी दरवर्षी नव्याने समजावतो.

रोलिंगमिल

विखुरलेल्या बेटांनी एकाच वेळी ठोका कसा द्यायचा, हा भाग अजून राहिला आहे.

मांजराकाठ

हाच भाग मला सर्वांत कठीण वाटतो. एका बेटाच्या आतील प्रश्न सुटलेला आहे. शेजारच्या बीटा पेशी कनेक्सिन-३६ या प्रथिनाच्या सूक्ष्म नळ्यांनी जोडलेल्या असतात, त्यातून विद्युत्भार पसरतो आणि कॅल्शियमची लाट काही सेकंदांत साऱ्या बेटावरून जाते. उंदराच्या बेटात बीटा पेशी मध्यभागी एकवटलेल्या असतात, माणसाच्या बेटात त्या इतर संप्रेरके सोडणाऱ्या अल्फा आणि डेल्टा पेशींत मिसळलेल्या असतात, त्यामुळे माणसात ही लाट तितकी देखणी दिसत नाही.

बेटाबेटांत मात्र अशी नळी नाही. माणसाच्या स्वादुपिंडात सुमारे दहा लाख बेटे आहेत आणि त्यांचे वजन संपूर्ण ग्रंथीच्या एक-दोन टक्केच आहे. प्रत्येक बेट आपापल्या वेळी ठोका देत राहिले, तर पोर्टल शिरेत बेरीज होऊन सपाट धारच मिळेल. स्वादुपिंडाच्या आतच असलेल्या मज्जातंतूंच्या गाठी बेटांना एकत्र आणतात, हे एक उत्तर आहे, आणि पशुवैद्यकाकांनी सांगितलेला कुत्र्याचा प्रयोग त्याच्याशी जुळतो, कारण ग्रंथी बाहेर काढली तरी या गाठी तिच्यातच राहतात. दुसरे उत्तर साखरेचेच आहे. इन्सुलिनचा ठोका यकृतात पोचला की यकृत साखर सोडणे किंचित कमी करते, त्यामुळे रक्तातील साखरेला बारीक लाट येते आणि ती सर्व बेटांपर्यंत एकाच वेळी पोचते. वेगळ्या केलेल्या बेटांना साखरेचा असा बारीक हेलकावा दिला की ती त्या तालावर येतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे.

१९९४ सालच्या एका प्रयोगाने मज्जातंतूंची बाजू आणखी गुंतागुंतीची केली. उंदराच्या यकृतात रोवलेल्या बेटांनी दीर्घ काळानंतर, मूळ ग्रंथीतील गाठींशी काहीही संबंध नसताना, एकत्रित ठोके दिले. ती बेटे नव्या जागी नवे मज्जातंतू मिळवून जुळली, की दुसऱ्याच वाटेने, यावर मत बनवण्याआधी तो प्रयोग पूर्ण वाचावा असे सुचवतो.

नुसतीवाचक (अंबाजोगाई)

मी येथे क्वचितच लिहिते. माझ्या आईला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि पायांना मुंग्या येतात. एका मोठ्या शहरातील एका केंद्राने "शिरेतून ठोक्याठोक्याने इन्सुलिन" देण्याचा उपचार सुचवला आहे. आठवड्याला एक बैठक आणि प्रत्येक बैठकीचे पैसे वेगळे. नसा पुन्हा पूर्ववत होतील, असे ते सांगतात. हा धागा वाचल्यावर वाटले, की त्यामागे काही शास्त्र असेलही. डॉक्टरसाहेब, आपले मत सांगाल का?

डॉ_गोदातीर

ताई, शास्त्रातील खरी गोष्ट उचलून तिच्यावर न सिद्ध झालेला दावा बेतला, की तो फार खरा वाटतो. ठोके यकृताला उपयोगी पडतात, कारण ते पोर्टल शिरेतून, उंच स्वरूपात, दर पाच मिनिटांनी, आयुष्यभर येतात. हाताच्या शिरेतून आठवड्यातून काही तास दिलेले इन्सुलिन सगळ्या शरीरात फिरून पातळ होऊनच यकृतात पोचते, आणि बैठक संपल्यावर काही मिनिटांत रक्तातून नाहीसे होते. पुढच्या आठवड्यापर्यंत त्याचा ठोका टिकण्याचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेतही असे उपचार विकले जात होते. तेथील सरकारी मेडिकेअर योजनेने डिसेंबर २००९ मध्ये पुराव्यांचा आढावा घेऊन त्याचा खर्च न देण्याचा निर्णय घेतला, कारण रुग्णांचे भले होत असल्याचे पुरावे पुरेसे नव्हते. तुम्ही विचारलेत म्हणून स्पष्ट सांगतो, माझ्या आईसाठी मी हा खर्च केला नसता. पायांच्या मुंग्यांसाठी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून पायांची संवेदना, बी-१२ आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी तपासून घ्यावी. मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असेल तर बी-१२ कमी झालेले असू शकते आणि तेही मुंग्यांचे कारण ठरते.

नुसतीवाचक

मनापासून आभार. मेटफॉर्मिन सुरुवातीपासूनच चालू आहे. बी-१२ कधी तपासल्याचे आठवत नाही, ते आता करून घेते.

तूरडाळ (धाराशिव)

एक शंका आहे. आमच्याकडे संपूर्ण शरीर तपासणीच्या पॅकेजमध्ये उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि त्यावरून काढलेला होमा-आयआर, म्हणजे शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही याचा अंदाज सांगणारा आकडा, देतात. रक्त एकदाच घेतात. ठोके दर पाच मिनिटांनी पडत असतील, तर तो नमुना ठोक्याच्या शिखरावर घेतला की दोन ठोक्यांमधल्या खळग्यात, हे कसे कळते?

डॉ_गोदातीर

कळत नाही, आणि हे होमा काढणाऱ्यांनाच सर्वांत आधी ठाऊक होते. ती पद्धत १९८५ साली डेव्हिड मॅथ्यूज, रॉबर्ट टर्नर आणि सहकाऱ्यांनी मांडली, म्हणजे ज्या गटाने माणसातील ठोके मोजले त्याच गटाने. म्हणून पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीन नमुने घेऊन त्यांची सरासरी वापरावी, अशी त्यांची मूळ पद्धत होती. शेकडो माणसांची तुलना करणाऱ्या अभ्यासात एका नमुन्यावर भागते, कारण शिखरे आणि खळगे एकमेकांना भरून काढतात. एका माणसाच्या अहवालात मात्र मागच्या वर्षी १.९ आणि यंदा २.४ असा फरक दिसला, तर तो केवळ सुई कोणत्या क्षणी टोचली याचाही असू शकतो. मधुमेहाच्या निदानासाठी हा आकडा लागतही नाही. उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) पुरते. पॅकेजमध्ये तो आलाच असेल तर त्यावर औषध सुरू करू नका, आणि नेमका हवाच असेल तर प्रयोगशाळेला तीन नमुने घ्यायला सांगा. एकदा लावलेल्या सुईतून दहा मिनिटांत तिन्ही होतात.